तान्नी डोराचं मागचं दार

तान्नी डोराच्या घराला आता पडदे नाहीत. तिथं राहायला आलेलं जोडपं डच आहे, त्यामुळे त्यांचा सोफा, त्यांचं मांजर, टेबलावरचा अर्धा खाल्लेला पाव, सगळं रस्त्यावरून दिसतं. इथली रीतच तशी. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, या आणि बघून घ्या, असा सगळ्या गल्लीचा थाट असतो. सायकलवरून येता-जाता त्या उघड्या खिडकीकडे लक्ष गेलं की माझ्या तोंडी अजून येतं, अगं बाई, पडदा ओढ ना, कुणीतरी बघेल! मग आठवतं की तान्नी मागच्या हिवाळ्यातच गेली.

मी जन्माची भित्री. बार्शीत लहानपणी लाइट गेले की आईचा पदर धरल्याशिवाय मोरीपर्यंत जायची नाही. पुढे शिकले, एन्स्खेडेच्या विद्यापीठात इलेक्ट्रिकलमध्ये एमएस केलं, आर्नहेमला विजेच्या कंपनीत चिकटले, मीटिंगमध्ये हजारो व्होल्टच्या गप्पा बेधडक मारते. पण अनोळखी नंबरवरून फोन आला तर अजून उचलत नाही. अशा बाईला शेजारीण कशी मिळावी? माझ्याहून भित्री. देवाला विनोद कळतो, हे नक्की.

राहायला आलो त्याच आठवड्यात मी बेसनाचे लाडू घेऊन शेजारी गेले. बेल दाबली, वाजेना. परत दाबली. मग दार ठोठावलं. आतून, अगदी दाराला तोंड लावून कुणीतरी विचारलं, "कोण?" आता आपल्याकडे असं विचारल्यावर माणूस काय म्हणतो? मीही तेच म्हटलं, डचमध्ये म्हटलं एवढंच. "मी!" आत एकदम सामसूम झाली. मग काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला. बाईनं दाराला खुर्ची लावली होती! मी डबा पायरीवर ठेवला आणि अक्षरशः पळत घरी आले. नितीनला, म्हणजे नवऱ्याला म्हटलं, "अरे, शेजारी कुणीतरी वेडं राहतंय, आपण फसलो."

दुसऱ्या दिवशी परसातल्या कुंपणाच्या फटीतून ती स्वतःच आली. ठेंगणी, गव्हाळ, डोक्यावर पांढऱ्या कुरळ्या केसांचं जंगल, आणि हसू असं की पार कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जावं. हातात माझाच डबा, पण रिकामा नाही. पाकात बुचकळलेली, वेणीसारख्या पिळाची तळणं भरलेली. रिकामा डबा परत करायचा नसतो हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. डबा देतादेता तिनं कायदे सांगितले.

"माझी बेल वाजत नाही. वायर मीच कापलीय. पुढच्या दारानं यायचं नाही. मागच्या दारानं यायचं आणि येताना स्वतःचं नाव मोठ्यानं घेत यायचं. 'मी' म्हणायचं नाही. 'मी' कुणीही असतो."

तेव्हापासून आम्ही सगळे तिच्याकडे भाजीवाल्यासारखे आरोळी देत जायचो. "तान्नी, वैशाली आलीय!" तान्नी म्हणजे तिच्या भाषेत मावशी. माझी इरा तेव्हा चार वर्षांची. तीही नाकात ओरडायची, "तान्नी, इरा आलीय!" आणि आत गेल्यावर डचमध्ये बडबड सुरू करायची.

तान्नी दक्षिण आफ्रिकेची, केपटाऊनकडची. तिच्या तरुणपणी तिथं सरकारनंच कातडीच्या रंगावरून माणसांचे ढीग घातले होते. गोऱ्यांचा एक, काळ्यांचा एक, आणि हिच्यासारख्या मिश्र रक्ताच्या लोकांचा मधला एक. शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, बागेतली बाकडी वेगळी, समुद्रसुद्धा वाटून घेतलेला. मरून सुटावं म्हटलं तर मसणवटाही वेगळा. तिची मातृभाषा आफ्रिकान्स. हॉलंडमधून गेलेल्या गोऱ्यांची भाषा तिकडे मुरून झालेली. पोलिसांचीही भाषा तीच. इथले लोक तिचं बोलणं ऐकून कौतुकानं माना वेळावायचे, "किती गोड! लहान मूल डच बोलतंय असं वाटतं!" ती हसून घ्यायची. एकदा घरी आल्यावर मला म्हणाली, "याच गोड भाषेत त्यांनी माझ्या आईला कुत्री म्हटलं होतं."

तिच्या भीतीची मला हळूहळू सवय झाली. पडदे कायम ओढलेले. फोनवर कधी नाव सांगायची नाही, समोरच्यानं आधी सांगायचं. इथं महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बारा वाजता गावभर भोंगा वाजतो. धोक्याचा भोंगा चालतो की नाही याची तपासणी, दुसरं काही नाही. तान्नीला हे पक्कं ठाऊक होतं. तरी बाराला पाच कमी असताना ती मिक्सर सुरू करायची. त्यात काही नसलं तरी. एकदा नेमकी मी तिथं होते. मिक्सर घरघरतोय, बाहेर भोंगा वाजतोय, आणि तान्नीनं माझा हात असा धरलाय की बांगडी मनगटात रुतली. भोंगा थांबला तशी मीच रडायला लागले. तिनं मिक्सर बंद केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू का गं रडतेस? तुला कुणी मारलंय का?" आणि हसत सुटली.

तिच्या स्वयंपाकघरात एकच फोटो होता. काळापांढरा. विशीतला मुलगा, बाही दुमडलेली, डोळे बारीक करून उन्हात उभा. तिचा धाकटा भाऊ बेनी. शाळकरी पोरांच्या मोर्चात पुढे असायचा. एका रविवारी दुपारी त्यांच्या वस्तीच्या ठाण्यातला गोरा शिपाई पीट दारात आला. ओळखीचा होता, कधी कधी बेनीशी फुटबॉलवरून वाद घालायचा. दार ठोठावून म्हणाला, "मी आहे डोरा, उघड." आई म्हणत होती उघडू नकोस. डोरा भाकरीचं पीठ मळत होती, पिठाच्या हातानंच तिनं कडी काढली. बेनीला पीट आणि त्याच्या मागच्या शिपायांनी नेलं. नंतर ठाण्यात सांगितलं की तो पळून गेला. ना माणूस दिसला ना माती. वर्षभरानं चर्चच्या लोकांनी डोराला हॉलंडला पोचवलं. इथं ती वृद्धाश्रमात नर्स झाली आणि निवृत्त होईतो म्हाताऱ्यांची पाठ पुसत राहिली.

पुढे तिकडे राज्य पालटलं. खरं सांगा, माफी मिळेल, देश पुन्हा सांधू या, असं म्हणून आयोग बसला. लोक येऊन सांगत होते, रडत होते. तान्नीची आई जाऊन बसली. बेनीचं खरं सांगायला कुणीच आलं नाही. तरी म्हातारीनं माईकसमोर सांगितलं की मी माफ केलं. "माझ्या आईनं रिकाम्या खुर्चीला माफ केलं," तान्नी म्हणायची. "सगळ्या देशानं केलं. मीच तेवढी राहिले. मला फक्त बेनी कुठं पुरलाय ते कळू दे, मग बघू."

एका उन्हाळ्यात माझी आई बार्शीहून आली. आईला मराठीशिवाय काही येत नाही आणि त्याची खंतही नाही. चौथ्या दिवशी बघते तर आई कुंपणातून पलीकडे! दोघी अंगणात बसून वाटाणे सोलतायत. ही मराठीत बोलतेय, ती आफ्रिकान्समध्ये. एकमेकींचं अक्षर कळत नाही आणि गप्पा तासभर. आल्यावर आई मला खबर देणार, "डोराबाईंचा भाऊ घर सोडून गेलाय. फोटो दाखवला. वाट बघतात बिचाऱ्या." मी म्हटलं, "आई, तसं नाहीये ते." तिला वेगवेगळ्या बाकड्यांचं, वेगळ्या समुद्राचं सांगितलं. बेनीचंही सांगायला गेले, पण इरा मधे लुडबुडत होती, पोरीसमोर मारहाणीचं नको म्हणून ते राहून गेलं. बाकड्यांचं ऐकून आईला काहीच नवल वाटलं नाही.

"मला काय सांगतेस? आमच्या गावच्या हॉटेलात आमचा कप वळचणीला टांगलेला असायचा. कान तुटलेला. आपणच धुवायचा, आपणच परत टांगायचा." आणि वाटाण्याची साल बाजूला टाकली.

त्याच सुमारास तान्नीला एक फोन आला. बोलणारी बाई एन्स्खेडेत राहणारी, आफ्रिकान्सच बोलणारी. म्हणाली, मी पीटची मुलगी. आई गेल्यावर वडिलांना इकडे आणलंय. चर्चमधल्या कुणीतरी तुमचं नाव काढलं आणि तेव्हापासून ते धरून बसलेत, डोराला भेटायचंय, माफी मागायचीय. तान्नीनं फोन ठेवला आणि आमच्याकडे आली. पायात एकच चप्पल. ओठ पांढरे पडले होते. मी पाणी दिलं, ते तिला पिताही येईना.

"तो जिवंत आहे," ती म्हणाली. "इथून रेल्वेनं जाता येतं तिथं राहतो."

मी म्हटलं, "सरळ नाही सांग."

"नाही म्हटलं तर बेनीचं कोण सांगणार? आणि हो म्हटलं तर तो आत येणार, वैशाली. माझ्या घरात." मग खाली बघून म्हणाली, "आणि रडला तर? म्हातारा माणूस समोर रडायला लागला तर मी काय करू? मला माझीच भीती वाटते."

पुढचे दोन-तीन फोन तिनं उचलले नाहीत. मुलीनं मग निरोप ठेवला की तुम्ही बोलावल्याशिवाय आम्ही येणार नाही. पण म्हातारा काही ऐकेना असं दिसतं, कारण एका बुधवारी ते आलेच. बुधवारी इथं शाळा लवकर, दुपारीच सुटते, म्हणून मी घरून काम करते. मी वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. मुलगी गाडी लावायला जागा शोधत फिरत होती, ती इथं सहजी मिळत नाही, आणि म्हाताऱ्याला तिनं कोपऱ्यावर उतरवून थांबायला सांगितलं होतं. तो थांबला नाही. तान्नीची बेल दाबली, ती कशाला वाजतेय! मग शेजारची दाबली. आमची.

दार आईनं उघडलं. दारात एक म्हातारा, हातात टोपी, डोळ्यात पाणी, आणि तोंडात एकच शब्द, "डोरा, डोरा." आता माझ्या आईच्या दारात म्हातारा माणूस उन्हातून आला की तो आधी आत येऊन बसतो, पाणी पितो, चहा पितो, मग कुठला-कोणाचा ते विचारायचं. तिनं त्याला बसवलं. चहा दिला, चिवडा दिला. तो रडतोय आणि डोरा म्हणतोय. आईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

मी पाणी प्यायला खाली आले तर टेबलावर दोन कप आणि मागचं दार सताड उघडं. पलीकडून आईचा आवाज. तान्नीच्या कायद्याप्रमाणे नाव घेऊन मारलेली हाक.

"डोराबाई! कांताबाई आलीय! बघा तर कोण आलंय!"

मी मोज्यांनिशी गवतातून धावले. तान्नीच्या मागच्या पायरीवर आईनं त्या माणसाला उभं केलं होतं आणि त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळत होती. पोळीचा तुकडा, तांब्यात पाणी. लांबून, पुष्कळ दिवसांनी घरी आलेल्या माणसावरून ओवाळतात तसा. आणि कांताबाईचा आवाज म्हणून तान्नीनं हसतहसत दार उघडलं होतं.

"बरं झालं आलीस," आई मला म्हणाली. चेहऱ्यावर नुसता आनंद. "अगं, डोराबाईंचा भाऊ आलाय! फोटोतला! म्हातारा झालाय, पण नाक बघ, तसंच आहे की नाही?"

"आई, तो गोरा आहे," माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"मग काय झालं? एका पोटची पोरं गोरी-काळी निघत नाहीत होय?"

अख्ख्या दक्षिण आफ्रिकेत ही चूक कुणाच्या हातून झाली नसती. तिकडच्या आंधळ्याच्याही नाही. माझ्या आईच्या हातून झाली. तिनं पोळीचा तुकडा लांब फेकला, पाणी सांडलं, आणि पीटच्या कोपराला धरून त्याला तान्नीच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. बेनीच्या फोटोखाली.

तान्नी मागे सरत सरत सिंकला टेकली. तिच्या गळ्यातून एक बारीक आवाज येत होता, दाराखाली सापडलेल्या मांजरासारखा. मला वाटलं ही इथंच पडते. आईचा चेहरा तेव्हा उतरला. काहीतरी चुकलंय एवढं तिला कळलं, काय ते कळेना.

माझं डच बरं आहे, त्यामुळे आफ्रिकान्स मला निम्मंशिम्मं समजतं. पण त्या दिवशी सगळं समजलं.

पीट म्हणाला, "डोरा, मी माफी—"

"गप." तान्नीचा आवाज अगदी हळू होता. "ते नको. आधी सांग. कुठं आहे?"

"कोण?"

"बेनी."

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. कपाळाला हात लावला. "पाऊस होता," तो म्हणाला. "आम्ही गाडीत घातलं... तारेचं फाटक होतं एक... आणि मग..." तो आपल्याच हातांकडे बघत बसला. मग वर बघितलं तेव्हा तो तान्नीहून जास्त घाबरला होता. "घरून निघताना आठवत होतं. डोरा, शपथ. गाडीत बसताना मला आठवत होतं."

टेबलावर साखरेचं भांडं होतं. त्यानं समोरच्या रिकाम्या पेल्यात साखर घातली. परत घातली. परत. तान्नी ते बघत होती. माझ्या डोळ्यांदेखत तिच्या चेहऱ्यावर तिची जुनी नोकरी आली. तेवढ्यात मुलगी धापा टाकत मागच्या दारानं शिरली, माफी मागायला लागली. तान्नीनं तिला थांबवलं.

"कधीपासून असं होतंय त्याला?"

"वर्षभर. वाढतंय."

तान्नी सिंकची कड सोडून उभी राहिली. "दर बुधवारी आण त्याला," ती म्हणाली.

त्या दिवशी मी आईला सगळं सांगितलं. ती मागच्या पायरीवर बसली ती उठेना. "मी भाकरतुकडा ओवाळला गं त्याच्यावर! कुणाची दृष्ट काढली मी! हात झडो माझा." जेवली नाही. इरा तिच्या मांडीत जाऊन बसली तेव्हा कुठं जरा शांत झाली. मग मोठ्या उशिरानं म्हणाली, "पण आला तरी. रडला तरी. आमच्या दारात कोण आलं गं?"

दर बुधवारी तो यायचा. मी लॅपटॉप घेऊन तान्नीच्या स्वयंपाकघरात बसायची, कारण तिनं सांगितलं होतं, "तू काही करू नकोस, फक्त बस. मी त्याच्याबरोबर एकटी नाही बसणार." तो यायच्या आधी ती बाथरूममध्ये जाऊन उलटी करायची. मग तोंड धुवायची, केसांवर पाणी फिरवायची आणि मनुका घातलेला हळदीचा भात टाकायची. मसाल्यात मुरवलेली मासळी, ती पाकातली तळणं, तिकडचं सगळं रांधायची. वासानं माणसाला आठवतं, हे ती वृद्धाश्रमात शिकली होती. शेजारी बसून त्याला जुन्या गल्ल्यांची नावं सांगायची, ठाण्यासमोरचं झाड, फुटबॉलचं मैदान. शत्रूला असं बसवून भरवताना मी कुणाला बघितलं नाही.

कधी त्याला तारेचं फाटक आठवायचं, कधी कुत्रं भुंकत होतं म्हणायचा. पुढच्या बुधवारी कुत्रं नाही, समुद्र. हाती काही लागत नव्हतं. निघताना मात्र न चुकता विचारायचा, "डोरा, माफ केलंस?" आणि ती म्हणायची, "पुढच्या बुधवारी बघू."

एकदा भयंकर झालं. तो मुकाट्यानं भात खात होता. एकाएकी चमचा आपटला, ताठ झाला, आणि एका वेगळ्याच आवाजात, तरुण माणसाच्या आवाजात ओरडला, "उभी राहा! हात टेबलावर!" आणि तान्नी उभी राहिली. सत्तरीची बाई, हातातला डाव सोडून शाळेतल्या पोरीसारखी ताडकन उभी. दोन्ही तळहात टेबलावर. मीसुद्धा उभी राहिले, माझं मलाच कळलं नाही कधी. तो आमच्याकडे बघत राहिला, आणि मग हळूच त्याचे खांदे खाली आले. "भात अजून आहे का?" त्यानं विचारलं.

तो गेल्यावर मी भांडले. "बास झालं तान्नी! हे काय लावलंयस? त्याला काही आठवणार नाही. तू मरशील अशानं."

ती टेबल पुसत होती. "बेनीला शेवटचं बघितलेला जगात तो एकच माणूस उरलाय. तो गेला की बेनी साफ गेला."

"मग माफ करून टाक आणि मोकळी हो."

"माफ केलं तर परत कशाला येईल?" ती म्हणाली. "तेवढ्यासाठी तर येतोय तो." मग फडकं पिळतापिळता अगदी लहान आवाजात म्हणाली, "वैशाली, आज मी त्याची वाट बघत होते. खिडकीशी उभी होते. मला फार भीती वाटतेय."

थंडी सुरू झाली तसा त्याला मुलीनं एन्स्खेडेजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. घरी सांभाळणं तिच्यानं होईना. मग बुधवारी आम्ही जायला लागलो, आर्नहेमहून रेल्वेनं, मधे गाडी बदलत. तान्नी मांडीवर सुपाचा थर्मास धरून बसायची. गर्दीच्या रेल्वेत ती एरवी कधी बसायची नाही, पण या गाडीत बसायची.

शेवटच्या खेपेला गेलो तेव्हा तो पलंगाच्या कडेला अंग चोरून बसला होता. बेनीचं विचारणं तान्नीनं केव्हाच सोडलं होतं. बाहेर कुणीतरी कॉफीची ढकलगाडी घेऊन येत होतं, चाकं खडखडत होती. पीटनं तान्नीच्या दोन्ही मनगटांना धरलं. म्हातारा पांढराफटक पडला होता.

"ते आले. मला न्यायला आलेत. उघडू नको."

"कुणी नाही. कॉफी आहे."

"नाही, नाही. मी काहीतरी केलंय, डोरा. फार वाईट काहीतरी. मला सापडत नाहीये." त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती आणि डोळे असे की मला बघवेना. "तुला माहितीये. तू सांग. मी काय केलं?"

मला वाटलं, आता. इतकी वर्षं जे उरात घेऊन ही बाई पडद्याआड बसली, ते आता बोलेल. बोलावंच तिनं, असंही मला वाटलं, खोटं कशाला सांगू. खडखडत गाडी दाराशी आली, थांबली, पुढे गेली. तान्नी त्याच्याकडे बघत होती.

"काही नाही केलंस रे," ती म्हणाली. "काही नाही. सूप पी."

तो लगेच निवला. लहान मुलं निवतात तसा. तिनं त्याची हनुवटी पुसली आणि त्याला चमच्यानं भरवलं, थर्मास रिकामा होईपर्यंत.

इराला पाळणाघरातून आणायचं होतं, मला निघणं भाग होतं. तान्नीला संध्याकाळी पीटची मुलगी गाडीनं सोडणार होती. लिफ्टपर्यंत ती माझ्याबरोबर आली. बटण दाबलं तेव्हा तिनं माझा कोट धरला. इतकी घाबरलेली ती मला भोंग्याच्या वेळीही दिसली नव्हती.

"तू ऐकलंस ना, मी काय बोलले ते?"

"ऐकलं, तान्नी."

"बेनीला सांगू नकोस."

लिफ्ट आली, दार उघडलं, मिटायला लागलं, मी पाय घालून अडवलं. "नाही सांगत," मी म्हटलं. "शप्पथ."

तिनं माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं. आतून म्हातारा हाका मारायला लागला होता, "डोरा, डोरा." तिनं माझा कोट सोडला, आणि भिंतीचा आधार घेत घेत त्याच्या खोलीकडे गेली.